डाव्या शिवणीतलं पाऊण बोट

मी फक्त लहान मुलांचे कपडे शिवते. मोठ्यांचे शिवत नाही, कारण मोठी माणसं माप देताना खोटं बोलतात. टेप कमरेला लागला की पोट आत, श्वास बंद, आणि चेहऱ्यावर भाव असा की आम्ही जन्मापासून असेच आहोत. मग कपडा घट्ट झाला की चूक शिवणारीची! मुलांचं तसं नसतं. ती नाकात बोट घालतात, मध्येच खाली बसतात, टेप चावतात, पण पोट सोडून उभी राहतात. अंगाच्या बाबतीत ती कधी थाप मारत नाहीत.

ज्या मास्तरांकडे मी शिवण शिकले, त्यांचा एक नियम होता. टेपनं पाहिलेलं तोंडानं बोलायचं नाही. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाची पाठ किंचित बाकदार असते. ते त्याला सांगायचं नाही. कापडात तेवढी जागा सोडायची, शिवणीत मुरवायची, आणि माणूस आरशात सरळ दिसला की गप्प बसायचं. "शिंप्यानं कपडा द्यावा, निकाल देऊ नये," असं ते म्हणत. हा नियम मी सव्वीस वर्षं पाळला. बाकी बाबतीत माझी जीभ कशी आहे ते माझ्या घरच्यांना विचारा, पण टेपच्या बाबतीत मी मुकी.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती पोस्टात काउंटरवर बसते. तिचा नवरा लांब नोकरीला, दोन आठवड्यांतून एकदा घरी येतो. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे लवंगी. कागदावर तिचं चांगलं पाच अक्षरी नाव आहे, पण बारीक, एवढीशी आणि तिखट, म्हणून लवंगी. बालवाडी सुटली की ती माझ्या दुकानात येते आणि आई सुटेपर्यंत कटपिसांच्या ढिगात बसून माझ्यावर हुकूम सोडते.

लवंगी जेवायची नाही. दोन घास खाल्ले की तोंडाला कुलूप. त्यावरून धाकटीनं काय काय ऐकलं असेल! शेजारणी, सासरची माणसं, पोस्टात पार्सल घेऊन आलेली परकी माणसंसुद्धा विचारायची, पोरीला काही घालता की नाही खायला? मीही कमी केलं नाही. "तुझी पोर टाचणीवर टांगली तरी टाचणी वाकणार नाही," असं मी एकदा चारचौघांत म्हटलं होतं. धाकटी तेव्हा हसली, पण आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तर, बालवाडीचा गणवेश. गडद निळा, बिनबाह्यांचा, कमरेला पट्टी. ट्रायलला लवंगीच्या अंगात घातला तेव्हा डाव्या बाजूची खालची कड उजवीपेक्षा वर दिसली. फार नाही, पाऊण बोट. मी पुन्हा माप घेतलं. माझ्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असतं, तारखेसकट, कारण मुलं वाढतात आणि आया विसरतात. तीन महिन्यांपूर्वी लवंगीची छाती साडेवीस इंच होती, आताही साडेवीसच. कंबर तेव्हा वीस होती, आता सव्वाएकवीस.

"बघ ताई, बघ!" धाकटीनं वहीत डोकावून टाळीच वाजवली. "अंगी लागायला लागलं की नाही? पोट बघ कसं गोल दिसतंय. रोज उकडलेलं अंडं भरवते, तास लागतो, पण भरवते."

तिचा चेहरा इतका फुलला होता की मी उघडलेलं तोंड मिटलं. पोट वाढलं तर छाती का नाही वाढली, एवढंच मी विचारणार होते. पण नियम होता, आणि त्या टाचणीवाल्या विनोदाची लाजही होती. मी डावी शिवण उसवली, तिथं पाऊण बोट जागा दिली, आणि ती पट्टीखाली अशी मुरवली की भल्याभल्यांना सापडू नये. कड जमिनीशी समांतर आली. आमच्या धंद्यात याला कसब म्हणतात. मला माझा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, वाटला.

सहा आठवडे गेले. लवंगीचा चौथा वाढदिवस जवळ आला आणि तिनं स्वतः कापड निवडलं, लाल-पांढरा चौकडा. साधं कापड शिंप्याच्या बाजूचं असतं, चूक पोटात घालतं. चौकडा मात्र पक्का चहाडखोर. रेघ जरा हलली की दाराबाहेरून दिसते. मी कच्ची शिवण घालून फ्रॉक तिच्या अंगात चढवला, तिला स्टुलावर उभं केलं, चार पावलं मागे गेले आणि थांबले. कमरेच्या आडव्या रेघा उजवीकडे सरळ होत्या. डावीकडे त्या चढावर निघाल्या होत्या. दोन बोटं.

संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा. मी फ्रॉक उतरवला, पुढचा भाग मधोमध दुमडला आणि अर्ध्यावर अर्धा ठेवला. काठाला काठ जुळला. म्हणजे कापणी बरोबर होती. मग कापडावर घेतला. कधीकधी कापड मुळातच तिरकं विणलेलं असतं. उरलेल्या तुकड्यातला एक धागा ओढून पाहिला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आला. मग टेप. कापडी टेप वापरून वापरून ताणतो आणि वीस इंचाला एकोणीस सांगतो, हे कुणाला ठाऊक नसतं. मास्तरांची लोखंडी पट्टी माळ्यावरून काढली, टेप शेजारी लावला. इंचाला इंच जुळला. शेवटी फ्रॉक दुकानातल्या चार वर्षांच्या मापाच्या लाकडी पुतळ्याला घातला. सगळ्या रेघा सुतासारख्या सरळ.

फ्रॉक सरळ होता. मग वाकडं काय होतं?

या प्रश्नानं मला असं धरलं की हातातलं दुसरं काम सुटलं. घाबरले का? नाही. मला भीती वाटली नाही, मला कुतूहल वाटलं, आणि ते सांगताना आज जरा ओशाळल्यासारखं होतं. पण ते तसंच होतं.

आमचे यजमान जमिनीची मोजणी करतात. मी त्यांना मोजणीदारच म्हणते. संध्याकाळी ते चहा पीत पेपर वाचत होते.

"अहो, एखाद्या जमिनीचं कुंपण नीट मापानं घातलंय. तारेत चूक नाही, खांबात चूक नाही. तरी एका बाजूला तार वर चढलेली दिसते. काय असेल?"

"आत टेकाड असेल," ते मान वर न करता म्हणाले.

"ते शोधता कसं?"

"मधोमध रेघ मारायची आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. सगळा घेर एकदम मोजला की टेकाड घेरात लपतं." पान उलटलं. "कुणाची जमीन?"

"लवंगीची."

पेपर खाली आला. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपराची घडी केली. "अगं, फ्रॉकच्या रेघेवरून कुठे पोचलीस! सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी जुनी खोड."

"सूत हाच माझा धंदा आहे. मी दुसऱ्या कशावरून गाठणार?"

ते हसले. मग हसायचे थांबले. "मोज," ते म्हणाले. "पण तीनदा मोज. एकदाच्या मापावर मी कुणाचा खांब हलवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी लवंगी आली तेव्हा मी तिला पेटीकोटवर स्टुलावर उभं केलं. एक दोरा मणक्यावरून, एक बेंबीवरून, असे दोन दोरे खाली सोडले आणि त्यांच्यामधलं अंतर दोन्हीकडून मोजलं. उजवी बाजू साडेदहा इंच. डावी बाजू बारा. पुन्हा मोजलं. साडेदहा आणि बारा. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून टेप धरला आणि मग वाचला. साडेदहा आणि बारा.

"मावशी, ते माझं कडक पोट आहे," लवंगी वरून म्हणाली.

"कुठलं?"

"हे मऊ पोट." तिनं उजवीकडे बोट खुपसलं. "ते जेवायचं. आणि हे कडक पोट. ते जेवत नाही."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. मी हात पुसला आणि तळवा तिच्या डाव्या कुशीवर ठेवला. कापडाआड कॅनव्हास आहे, फोम आहे की कापूस, हे माझा हात न बघता सांगतो. इथं कातडीखाली काहीतरी गुळगुळीत, घट्ट, मोठं होतं, आणि ते काय आहे ते माझ्या हाताला सांगता येईना. आता मात्र मला भीती वाटली.

"दुखतं का गं?"

"नाही. तुझा हात गार आहे."

जाता जाता मी तिच्या दंडाचं माप घेतलं. वहीत सव्वासहा होतं. भरलं सहा.

साडेपाचला धाकटी आली. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, लवंगीला बटणांचा डबा वेगळे रंग करायला दिला, आणि बहिणीला सांगितलं. सरळ सांगितलं, कारण वळसे घालून बोलायची मला सवय नाही.

तिचा चेहरा बघता बघता बदलला. "बारीक होती तेव्हा तुम्हाला ती टाचणीवर टांगायची होती. आता जरा भरली तर तेही बघवत नाही?"

"ती भरलेली नाही."

"तू काय डॉक्टर आहेस? दिवसाला दहा फ्रॉक शिवतेस म्हणून तुला पोटातलं दिसायला लागलं? पोट साफ होत नसेल तिचं. मुलांचं होतं असं."

"असेलही. देव करो आणि तसंच असो. मला पोटातलं काही कळत नाही, मला फक्त माप कळतं." मी वही तिच्यापुढे ठेवली. "खाल्लेलं अंगी लागलं तर सगळ्या अंगाला लागेल ना? मग दंड का आटला? छाती का तेवढीच? सगळं अन्न एकट्या डाव्या कुशीलाच का जातंय?"

धाकटीनं वही ओढून घेतली. ती काउंटरवर बसणारी बाई, आकडा तिला फसवू शकत नाही. तिनं दंडाच्या मापावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. मग ती लवंगीजवळ जाऊन खाली बसली, फ्रॉक वर केला, आणि रोज आंघोळ घालताना ज्या पोटावरून साबण फिरायचा त्या पोटाकडे पहिल्यांदा बघावं तसं बघत राहिली.

"उद्या सुट्टी टाकते," ती म्हणाली.

मुलांची डॉक्टरीण साठीची, ठेंगणी, कपाळावर चष्मा. त्यांनी आधी पोटाला हातच लावला नाही. लवंगीला विचारलं, बटणं किती रंगांची असतात? लवंगीनं सात सांगितले. तोवर बाईंचे डोळे पोरीच्या चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून, गळ्यावरून, पायांवरून फिरून आले होते. ताप येतो का, लघवी लाल होते का, उलट्या, घाम, वजन, सगळं विचारून झालं. मग तिला टेबलावर निजवून त्यांनी तळवा ठेवला. हळू. त्या हातात घाई नव्हती. हात डावीकडे आला आणि थांबला.

"हे कुणाच्या लक्षात आलं?"

धाकटीनं माझ्याकडे मान केली. मी वही दिली. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाचलं. "कंबर वाढली आणि दंड कमी झाला, हे आजवर मला कुणी असं लिहून आणून दिलेलं नाही. काय करता तुम्ही?"

"फ्रॉक शिवते."

त्या हसल्या नाहीत. "दोघी नीट ऐका. आता या पोटाला कुणी हात लावायचा नाही. चोळायचं नाही, दाबून बघायचं नाही, शेजारणीला तर मुळीच दाखवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही," हे मला. मग त्यांनी बाहुलीला बांधावा एवढासा पट्टा लवंगीच्या दंडाला बांधून रक्तदाब पाहिला. मला ठाऊकच नव्हतं की एवढ्या लहान मुलांचाही रक्तदाब असतो. तो वाढलेला निघाला. लघवी तपासायला दिली आणि चिठ्ठी लिहिली, त्याच दिवशी सोनोग्राफी.

सोनोग्राफीच्या खोलीत पडदे ओढलेले होते. लवंगीच्या पोटावर जेली लावली तशी ती खिदळली. मशीनच्या पडद्यावर करड्या रंगाचं काहीबाही हलत होतं, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मशीनवरच्या बाईंनी एका मोठ्या गोल सावलीच्या एका कडेला छोटी फुली ठेवली, मग समोरच्या कडेला दुसरी, आणि दोन्हींमध्ये ठिपक्यांची रेघ आली. ते मला कळलं. त्या माप घेत होत्या. उभं घेतलं, आडवं घेतलं, मग खोली घेतली. मग उजवीकडे जाऊन तिथलंही माप घेतलं. त्या तोंडानं काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं मला चांगलंच ओळखीचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि लवंगीला बाहेरच्या माशांच्या टाकीजवळ पाठवलं. "मी शब्द लपवत नाही," त्या म्हणाल्या. "डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे. या वयात, अशा जागी, अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची असते. पक्कं मोठ्या इस्पितळात ठरेल. आणि हेही आत्ताच ऐका, मुलांमधल्या या प्रकारच्या गाठी औषधाला चांगली दाद देतात. यातली बहुतेक मुलं बरी होतात."

गाठ. मी दिवसातून दोनशे वेळा गाठ मारते. सुई ओवली की गाठ, शिवण संपली की गाठ. गाठ नसेल तर सगळं सुटतं. हा शब्द माझ्या घरचा होता, आणि तो त्या कागदावर छापलेला बघून मला कुणीतरी माझीच कात्री माझ्यावर रोखल्यासारखं झालं.

धाकटी त्या कागदाच्या घड्या घालत बसली. म्हणून मीच विचारत सुटले. मूल खेळतंय, हसतंय, दुखत नाही म्हणतंय, मग कुणाला कळायचं कसं?

"तेच तर अवघड आहे," बाई म्हणाल्या. "मुलांना ताप येतो, पोट फुगतं, पाय दुखतात, निळे डाग पडतात. हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा त्यात काही नसतं. म्हणून तो एक सुटतो. आमच्याकडूनही सुटतो. ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही आणि जी जातही नाही, तिचा पिच्छा सोडायचा नाही, एवढंच मला इतक्या वर्षांत कळलंय."

मोठ्या इस्पितळातल्या मुलांच्या विभागात भिंतीवर हत्ती रंगवलेला होता आणि त्याची सोंड दोन दरवाज्यांवरून गेली होती. तिथले कॅन्सरचे डॉक्टर तरुण, उंच, बोलताना मुलांच्या उंचीला वाकणारे. सीटी स्कॅन त्याच दुपारी होणार होता. त्याआधी त्यांनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"कधीपासून आहे हे?"

"कळलंच नाही हो," धाकटी म्हणाली. "परवा ताईनं दाखवलं. त्याआधी काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं, की दिसलं नव्हतं? वाढीचा वेग कळला तर मला उपयोग होईल. अंदाजे सांगितलं तरी चालेल."

धाकटी बोटांवर आठवडे मोजू लागली. पेन थांबलेलं. वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली नसती तर कुणाला काही कळलं नसतं. गणवेशाच्या तारखेला कंबर सव्वाएकवीस होती, हे धाकटीनं पाहिलं होतं, पण त्याला ती वाढ समजत होती. शिवणीत काय मुरवलंय ते फक्त मला माहीत होतं.  ही माझी एकुलती एक बहीण आहे, आणि हे बोलले तर ती कदाचित माझी उरणार नाही, असं मला अगदी स्वच्छ वाटलं.

"सहा आठवड्यांपूर्वी होतं," मी म्हणाले. "तेव्हा कंबर सव्वा इंचानं वाढली होती, छाती वाढली नव्हती. आणि डावी बाजू उचललेली होती. पाऊण बोट. मला दिसलं होतं. मी डाव्या शिवणीत जागा दिली, म्हणजे कुणाला दिसू नये. आणि बोलले नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. तारीख, मापं, सगळं. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"तेव्हाच आलो असतो तर?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी पेन मिटलं. "तर गाठ याहून लहान सापडली असती. या गाठी भराभर वाढतात, मी नाही म्हणणार नाही. त्यानं उपचार बदलले असते का, ते आज स्कॅन झाल्याशिवाय मला माहीत नाही. पण एक सांगतो. आमच्याकडे अशी मुलं अजून दोन महिने उशिरा येतात. पोट सुटलंय म्हणत."

स्कॅनसाठी लवंगीला गुंगीचं औषध दिलं आणि ती आत गेली. आम्ही दोघी बाकावर. मधे एका माणसाची जागा सोडून धाकटी बसली. पाऊण तास गेला. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ते मिटलं, पण या वेळी नियमासाठी नाही.

"मला विचारलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "गणवेशाच्या वेळी. तर मी काय म्हटलं असतं माहितीये?"

"काय?"

"काही नाही, खातेय आता, तू नजर नको लावूस. आणि तू ऐकलं असतंस."

"नसतं ऐकलं."

"ऐकलं असतंस, ताई. तुला माझी दया आली असती." तिनं नाक पुसलं. "मी रोज आंघोळ घालते तिला. रोज. साबण फिरवते. तुझा नुसता टेप फिरला आणि तुला कळलं. माझ्या चार बोटांखाली होतं आणि मला आनंद झाला. आनंद झाला गं मला!"

मी तिच्याकडे सरकले. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"थांब. सहा आठवड्यांतले तीन तुझे, तीन माझे. असं मी ठरवलंय. पण मला तुझा राग आलाय, आणि तो दोन दिवसांत जाणार नाही."

"राहू दे," मी म्हणाले. "जाईल तेव्हा जाईल."

दुसऱ्या दिवशी लवंगीचा बाप आला तो सरळ गाडीतून उतरून, बॅग खांद्यावर. आम्हाला तिघांना बसवून डॉक्टरांनी सांगितलं. उजवं मूत्रपिंड स्वच्छ आहे. फुप्फुसं स्वच्छ आहेत. गाठ मोठी आहे, पण डाव्या मूत्रपिंडाच्या बाहेर गेलेली दिसत नाही. आधी काही आठवडे औषध देऊन ती आटवायची, मग ऑपरेशन. त्यानंतर ती गाठ भिंगाखाली बघतील तेव्हाच तिची खरी जात कळेल, आणि पुढचं औषध त्यावर ठरेल. "स्वच्छ" हा शब्द मी मोजला. दोनदा होता.

औषध सुरू करण्याआधी रक्त घ्यायचं होतं आणि हातात सुई बसवायची होती. परिचारिका दारात आली आणि म्हणाली, मुलीबरोबर घरचं एकच माणूस आत येईल. बाप उठला, पण त्याचा रंग बघून परिचारिकेनंच त्याला खाली बसवलं. आम्ही सगळे धाकटीकडे बघायला लागलो. तिनं लवंगीला कडेवरून उतरवलं, आणि तिचा हात माझ्या हातात दिला.

"मी?" मी म्हणाले.

"तू जा. माझ्यानं नाही होणार. पहिल्यांदा तरी नाही." मग ती माझ्या डोळ्यांत बघून बोलली, कालपासून पहिल्यांदाच. "आणि आत जे दिसेल ते सगळं मला येऊन सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही गाळायचं नाही. राग आला तर येऊ दे मला. सांगायचं."

आत वीस मिनिटं लागली. मी लवंगीला मांडीवर, पोटाला हात न लावता, घट्ट धरून बसले होते, आणि ती मला चावली. तिला परिचारिकेजवळ ठेवून मी बाहेर आले तेव्हा धाकटी भिंतीला टेकून उभी होती. 

"पहिली शीर सापडली नाही," मी सांगितलं. "दुसऱ्यांदा टोचावं लागलं, डाव्या हाताला. खूप रडली. शेवटी तिच्यात रडायची ताकद राहिली नाही, मग गप्प झाली. मी सारखी बोलत होते, पण तिला मी नको होते. ती सगळा वेळ तुला हाका मारत होती. मला म्हणाली, तू जा, आईला आण."

धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. चार दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आवाज करून, त्या हत्तीच्या सोंडेखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मग तिनं पदर नीट केला, डोळे पुसले आणि दार उघडून आत गेली. परिचारिका एकच माणूस म्हणाली होती, आणि ती पाळी माझी होऊन गेली होती, पण धाकटीला कुणी अडवलं नाही.